पॅट समिट यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅट समिट कोण होत्या?

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल येथे असलेल्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या त्या १९७४ ते २०१२ या काळात मुख्य प्रशिक्षक होत्या. ३८ हंगामांत त्यांच्या संघाने १,०९८ सामने जिंकले, २०८ गमावले आणि ८ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. विजयांपेक्षा पराभव जास्त झाले, असा एकही हंगाम या ३८ वर्षांत आला नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत, पुरुषांचे आणि महिलांचे संघ एकत्र धरले तरी, इतके विजय दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समिट यांनी काम हाती घेतले त्या काळात महिलांच्या संघाकडे ना पैसा होता, ना प्रवासाची धड सोय, आणि सामना पाहायलाही मोजकीच माणसे येत. पुढे जे जिंकायचे होते ते जिंकण्याआधी उभे करावे लागणार होते. खालील बहुतेक उत्तरे फिरून याच मुद्द्यापाशी येतात, कारण माझ्या मते तो सोडला तर समिट यांची कारकीर्द नीट कळत नाही.

त्यांचे बालपण कसे गेले?

समिट यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसीमधील क्लार्क्सव्हिल येथे झाला. माहेरचे नाव पॅट्रिशिया स्यू हेड. घरी त्यांना ट्रिश म्हणत. ‘पॅट’ हे नाव पुढे शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर लोकांनी लावले आणि बुजऱ्या स्वभावामुळे त्यांनी ते कधी दुरुस्त केले नाही. तीन थोरले भाऊ, धाकटी बहीण, आणि शेतात राबणारे आईवडील असे ते घर होते. तंबाखूचे पीक, दुभती जनावरे आणि उन्हाळ्यात वाळल्या गवताचे भारे बांधण्याचे काम यांत मुलगा आणि मुलगी असा भेद नव्हता. गाईंना सुट्टी नसते, म्हणून माणसालाही नसते, हा तिथला नियम होता आणि ट्रिशची शाळा एक दिवसही बुडाली नाही.

दिवसभराचे काम आटोपले की भावंडे गवत साठवण्याच्या माळ्यावर चढत. तिथे बास्केट टांगलेली होती. दोघे विरुद्ध दोघे असा डाव रंगे, आणि बहीण म्हणून कोणी तिला सांभाळून घेत नसे. पुढे समिट यांच्या खेळाडू ज्या धसमुसळ्या, अंगावर येणाऱ्या बचावासाठी ओळखल्या गेल्या, त्याचे मूळ मला या माळ्यावर दिसते.

क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ नव्हता. शेजारच्या तालुक्यात तो होता, म्हणून वडिलांनी सगळे कुटुंब हेन्रिएटा या गावी हलवले. मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवणारे आईबाप आपण पुष्कळ पाहतो. १९६०च्या दशकात मुलीच्या खेळासाठी बिऱ्हाड हलवणारा शेतकरी बाप ही फार वेगळी गोष्ट आहे. मात्र हाच बाप कौतुकाचा शब्द तोंडातून काढत नसे. त्यांनी आपल्याला पहिल्यांदा जवळ घेतले तेव्हा आपण ४३ वर्षांच्या होतो, असे समिट यांनीच सांगितले आहे.

बावीसाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षकपद कसे मिळाले?

टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन येथील शाखेतून पदवी घेतल्यावर त्या १९७४ मध्ये नॉक्सव्हिलला पदव्युत्तर शिक्षणासाठी आल्या. त्यांना साहाय्यकाचे काम करायचे होते. परंतु आधीच्या प्रशिक्षक रजेवर गेल्या आणि संघ २२ वर्षांच्या समिट यांच्याकडे आला. त्यांच्या हाताखालच्या काही मुली त्यांच्याहून जेमतेम एक वर्षाने लहान होत्या.

मानधन होते महिन्याला २५० डॉलर. त्यात सराव घेणे, व्हॅन चालवणे आणि सामन्यानंतर खेळाडूंचे कपडे धुणे हे सगळे आले. ते गणवेशही आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. परगावच्या एका सामन्यासाठी तर संघाने आदली रात्र प्रतिस्पर्धी संघाच्या व्यायामशाळेत, जमिनीवर चटया अंथरून काढली. दुसऱ्या दिवशी त्याच फरशीवर त्यांना खेळायचे होते. याच काळात समिट स्वतः पदव्युत्तर अभ्यास करत होत्या, शिकवतही होत्या, आणि गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरत ऑलिम्पिकची तयारीही करत होत्या.

डिसेंबर १९७४ मधील त्यांचा पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध होता आणि तो टेनेसीने ८४-८३ असा एका गुणाने गमावला. पहिला विजय जानेवारी १९७५ मध्ये मिळाला. त्या हंगामाअखेर १६ विजय आणि ८ पराभव अशी नोंद झाली.

त्या स्वतः ऑलिम्पिक खेळल्या होत्या का?

होय. महिला बास्केटबॉलचा ऑलिम्पिकमध्ये समावेश १९७६ च्या मॉन्ट्रियल स्पर्धेत पहिल्यांदा झाला, आणि त्या अमेरिकी संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक समिट होत्या. सोव्हिएत संघाने सुवर्ण जिंकले, अमेरिकेला रौप्य मिळाले. त्यांचा गुडघा १९७४ मध्ये निकामी झाला होता, आणि त्या काळी अशा दुखापतीनंतर खेळ संपला असेच धरत. मॉन्ट्रियलनंतर आठ वर्षांनी, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये, त्या अमेरिकी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या आणि या वेळी पदक सुवर्ण होते.

महिलांच्या खेळाची त्या वेळची स्थिती नेमकी कशी होती?

अमेरिकेत १९७२ मध्ये एक कायदा झाला. तो ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जातो. केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला लिंगाच्या आधारावर भेदभाव करता येणार नाही, असे तो सांगतो. खेळाचा उल्लेख त्यात ठळकपणे नव्हता. पण शिष्यवृत्त्या, मैदाने, प्रवासखर्च आणि प्रशिक्षक यांतही मुलींना वाटा द्यावा लागेल, हे हळूहळू विद्यापीठांच्या लक्षात आले. कायदा कागदावर होता आणि व्यवहार जुनाच चालू होता, अशा संधिकाळात समिट यांची कारकीर्द सुरू झाली.

शाळांमध्ये तर अडचण खेळाच्या नियमांचीच होती. टेनेसीतील शालेय मुली सहाजणींचा अर्ध्या मैदानाचा बास्केटबॉल खेळत. प्रत्येक संघातील तिघी फक्त चढाई करत, तिघी फक्त बचाव, आणि मधली रेघ ओलांडायला कोणालाच परवानगी नसे. मुलींना पूर्ण मैदानभर धावणे झेपणार नाही, ही त्यामागची समजूत. परिणाम असा, की बचाव करणाऱ्या मुलीने शालेय जीवनात एकदाही बास्केटवर चेंडू टाकलेला नसे आणि महाविद्यालयात तिला कोणी घेत नसे. या नियमाविरुद्ध समिट जाहीरपणे बोलल्या आणि आपल्याच राज्यातील शालेय संघटनेशी त्यांनी वाद पत्करला. १९७९ मध्ये टेनेसीने हा प्रकार बंद करून पाचजणींचा पूर्ण मैदानाचा खेळ स्वीकारला. त्यांच्या विजेतेपदांची यादी सर्वांना पाठ असते. हा बदल मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि मला तो एखाद्या करंडकापेक्षा मोलाचा वाटतो.

महाविद्यालयीन पातळीवर पुरुषांच्या स्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. तोपर्यंत महिलांसाठी वेगळी संघटना काम पाहत असे. पहिल्या वर्षापासून समिट निवृत्त होईपर्यंत एनसीएएची एकही महिला स्पर्धा टेनेसीशिवाय झाली नाही.

आठ विजेतेपदे कोणत्या वर्षांची?

१९८७, १९८९, १९९१, १९९६, १९९७, १९९८, २००७ आणि २००८. पहिले मिळायला १३ हंगाम जावे लागले. त्याआधी संघ अनेकदा शेवटच्या चार संघांपर्यंत पोहोचला होता आणि १९८४ मध्ये अंतिम सामनाही हरला होता, त्यामुळे ‘मोठा सामना समिट यांना जिंकता येत नाही’ अशी कुजबुज सुरू झाली होती. १९८७ मध्ये लुइझियाना टेक संघाला ६७-४४ असे हरवून टेनेसीने ती थांबवली.

१९९७ आणि १९९८ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १९९७ च्या संघाने हंगामात तब्बल १० सामने गमावले होते, आणि तरीही शेवटी करंडक उचलला. त्यापुढच्या वर्षी शमीक होल्ड्सक्लॉ, टमीका कॅचिंग्स आणि सेमीका रँडल एकत्र खेळल्या आणि संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले. बहुतेकांना अपराजित संघ अधिक थोर वाटतो. मला विचाराल तर प्रशिक्षक म्हणून समिट यांचे कसब १९९७ मध्ये जास्त दिसले, कारण हरणाऱ्या संघाला चार महिने एकत्र ठेवून मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेत जिंकण्याजोगे करणे हे केवळ गुणवान खेळाडू हाताशी असल्याने साधत नाही.

त्या खरोखर इतक्या कडक होत्या का?

होत्या. त्यांची रोखलेली निळी नजर अमेरिकी क्रीडाजगतात प्रसिद्ध होती, आणि टाइमआउटमध्ये ती कोणावर पडणार या धास्तीने खेळाडू खाली पाहत. सरावात महिला संघासमोर विद्यापीठातील पुरुष विद्यार्थ्यांचा संघ उभा केला जाई, म्हणजे प्रत्यक्ष सामन्यातील प्रतिस्पर्धी हळू आणि बुटके वाटावेत. चेंडू बास्केटला लागून उसळला की तो आपल्याच हाती यायला हवा, यावर त्यांचा भर बाकी सगळ्यापेक्षा जास्त होता. नेम एखाद्या दिवशी चुकतो, पण बचाव आणि उसळता चेंडू मिळवणे हे कष्टाचे काम आहे आणि कष्टाला वाईट दिवस नसतो, अशी त्यांची धारणा होती.

वर्गातही तीच शिस्त. खेळाडूने पहिल्या तीन ओळींत बसायचे आणि तास बुडवायचा नाही. बुडवला तर पुढच्या सामन्यात खेळायचे नाही, मग ती संघातील सर्वोत्तम खेळाडू का असेना. टेनेसीत चारही वर्षे पूर्ण खेळलेल्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी मिळवली. ३८ वर्षांत याला अपवाद नाही. महिलांसाठी व्यावसायिक बास्केटबॉलची वाट फार थोड्याजणींना मिळणार, हे समिट यांना पक्के ठाऊक होते. म्हणून पदवीशिवाय मुलगी परत पाठवणे हा त्यांच्या लेखी प्रशिक्षकाचा पराभव होता.

पण नुसत्या धाकाचे चित्र अपुरे आहे. टमीका कॅचिंग्स हिला लहानपणापासून कमी ऐकू येत असे. शाळेत मुले चिडवत, म्हणून तिने कानाचे यंत्र फेकून दिले होते आणि पुढची कित्येक वर्षे ओठांच्या हालचालींवर वेळ निभावली होती. ती टेनेसीत आल्यावर समिट आणि विद्यापीठातील मंडळींनी तिला समजावले, यंत्र पुन्हा लावायला तयार केले आणि वाचोपचार सुरू करून दिले. डोळे वटारणाऱ्या त्याच बाईंनी हे केले. पुढे कॅचिंग्सने चार ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली.

मुलाच्या जन्माच्या वेळचा विमानातील प्रसंग खरा आहे का?

खरा आहे. सप्टेंबर १९९० मध्ये, दिवस भरत आलेले असताना, समिट मिशेल मार्सिनिअ‍ॅक या शालेय खेळाडूला भेटायला साहाय्यक मिकी डीमॉस यांच्यासह पेनसिल्व्हेनियाला गेल्या होत्या. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रशिक्षकाला चांगली खेळाडू मिळवण्यासाठी तिच्या घरी जाऊन, आईवडिलांसमोर बसून बोलावे लागते. हे काम जवळजवळ सराव घेण्याइतकेच महत्त्वाचे असते. बैठक चालू असतानाच कळा सुरू झाल्या. तरीही त्यांनी बोलणे पूर्ण केले आणि मग परतीचे विमान गाठले. वाटेत वैमानिकांनी व्हर्जिनियात उतरण्याची तयारी दाखवली, पण समिट यांनी ठाम नकार दिला. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने टेनेसीला स्पर्धेबाहेर काढले होते, आणि आपले बाळ त्या राज्यात जन्मलेले त्यांना चालणार नव्हते. मुलगा टायलर अखेर नॉक्सव्हिललाच जन्मला.

या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. मार्सिनिअ‍ॅकने त्या वेळी दुसरे विद्यापीठ निवडले. नंतर ती टेनेसीत आली, आणि १९९६ च्या विजेतेपदाच्या वेळी अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरली.

पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांना देऊ केले होते का?

टेनेसी विद्यापीठाने पुरुषांच्या संघासाठी त्यांना दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. महिलांच्या संघाकडून पुरुषांच्या संघाकडे जाणे ही बढती का समजायची, असा त्यांचा उलट प्रश्न होता. मला हे उत्तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे सार वाटते. १९७४ मध्ये जिथे मोजकी माणसे येत, त्याच विद्यापीठात डिसेंबर १९८७ मध्ये टेक्सासविरुद्धचा महिलांचा सामना पाहायला २४ हजारांहून अधिक लोक आले होते. हे घडवलेल्या व्यक्तीला दुसरीकडे जाऊन मोठे व्हायची गरज नव्हती. २००६ मध्ये त्यांचे वार्षिक वेतन दहा लाख डॉलरच्या वर गेले, आणि महिला बास्केटबॉलमध्ये ही मजल मारणाऱ्या त्या पहिल्या प्रशिक्षक ठरल्या.

कनेक्टिकटशी वैर होते म्हणतात, ते काय?

जीनो ऑरिएमा यांच्या कनेक्टिकट संघाशी १९९५ ते २००७ या काळात टेनेसीचे २२ सामने झाले. १३ कनेक्टिकटने जिंकले, ९ टेनेसीने. महिला बास्केटबॉलला दूरचित्रवाणीवर प्रेक्षक मिळवून देण्यात या सामन्यांचा वाटा फार मोठा आहे. दोन्ही प्रशिक्षकांचे संबंध बिघडत गेले आणि २००७ नंतर समिट यांनी ही लढत थांबवली. यात कोण चूक होते, यावर दोन्हीकडचे चाहते आजही भांडतात. मी एवढेच नोंदवीन, की समिट यांनी पुढे स्वतःला झालेल्या अल्झायमर या स्मृती पुसत नेणाऱ्या आजाराविरुद्ध निधी उभा केला तेव्हा सुरुवातीच्या देणग्यांत ऑरिएमा यांचे १० हजार डॉलर होते.

त्यांना कोणता आजार झाला आणि त्यांनी काम कधी सोडले?

२०११ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षाच्या आसपास, त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले. सामान्यतः हा आजार उतारवयातला; पण काहींना तो पासष्टीच्या आतच गाठतो, आणि समिट त्यांपैकी होत्या. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. एखादी प्रशिक्षक असे निदान लपवू शकली असती, आणि लपवले असते तर कोणी दोषही दिला नसता. समिट यांनी आधी खेळाडूंना सांगितले, मग जगाला, आणि पुढचा संपूर्ण हंगाम त्या संघासोबत राहिल्या. सामन्यातील निर्णयांचा बराच भार साहाय्यक हॉली वॉर्लिक यांनी उचलला. त्या हंगामात टेनेसीने २७ सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठ संघांत स्थान मिळवले.

एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी पद सोडले. त्याच वर्षी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेतील सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या ६४व्या वर्षी, नॉक्सव्हिल येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा निधी अल्झायमरच्या संशोधनासाठी आणि रुग्णांची सेवा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी स्थापन झाला.

त्यांचा विजयांचा विक्रम अजून टिकून आहे का?

नाही. पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षक माइक शाशेफ्स्की यांनी तो २०१८ मध्ये मागे टाकला, आणि महिला संघांच्या प्रशिक्षकांत स्टॅनफर्डच्या टॅरा व्हॅनडरव्हीर यांनी डिसेंबर २०२० मध्ये. पुढे ऑरिएमाही त्यांच्या पुढे गेले.

त्यांच्या खेळाडूंचे पुढे काय झाले?

३८ वर्षांत १६१ खेळाडू त्यांच्या हाताखाली खेळल्या आणि त्यांपैकी कितीतरीजणी स्वतः प्रशिक्षक झाल्या. समिट यांच्यानंतर संघ सांभाळणाऱ्या हॉली वॉर्लिक त्यांच्याच जुन्या खेळाडू. वॉर्लिक यांच्या जागी २०१९ मध्ये आलेल्या केली हार्परही १९९६, १९९७ आणि १९९८ च्या तिन्ही विजेत्या संघांत होत्या. किम मल्की यांनी टेनेसीत शिक्षण घेतले नाही, पण १९८४ चे ऑलिम्पिक सुवर्ण त्यांनी समिट यांच्या संघातून जिंकले, आणि नंतर प्रशिक्षक म्हणून त्यांनी बेलर व लुइझियाना स्टेट अशा दोन विद्यापीठांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

कॅरा लॉसन २००३ पर्यंत टेनेसीत खेळली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिने खेळाडू म्हणून सुवर्ण जिंकले, २०२० मध्ये ती ड्यूक विद्यापीठाच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक झाली, आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये तीन विरुद्ध तीन हा प्रकार पहिल्यांदा खेळला गेला तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी महिला संघाच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून तीच उभी होती.